मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, तास किती आणि मधले साडेदहा तास जातात कुठे

मावशीनं तिकिटाची प्रिंट चष्म्याजवळ धरली, दोनदा वाचली आणि म्हणाली, "रात्री दोनला सुटतंय नि सकाळी साडेसातला पोचतंय. म्हणजे साडेपाच तास. मग तुम्ही सगळे एवढा बाऊ कशाचा करता? आमची नाशिकची एसटी चाकणला अडकली की एवढाच वेळ घेते."

तिकिटात चूक नव्हती. मावशीची वजाबाकीही बरोबर होती. फक्त दोन वाजणार होते मुंबईत आणि साडेसात न्यूयॉर्कमध्ये, आणि या दोन घड्याळांमधले साडेदहा तास प्रिंटवर कुठंच छापलेले नव्हते. खरा प्रवास सोळा तासांचा.

आमच्या घरात दर वर्षा-दोन वर्षांनी कुणीतरी पहिल्यांदा अमेरिकेला निघतं. कुणाच्या मुलीचं बाळंतपण असतं, कुणाच्या नातवाची मुंज. निघणाऱ्याचे प्रश्न ठरलेले: किती लांब आहे, किती तास लागतात, उतरल्यावर तिथे किती वाजलेले असतील? मोबाइलवर उत्तरं दोन सेकंदांत मिळतात, पण प्रत्येक ठिकाणी वेगळी मिळतात. गंमत म्हणजे त्यातली बरीचशी बरोबर असतात, कारण प्रत्येक जण वेगळंच काहीतरी मोजत असतो. म्हणून एकदा बैजवार लिहून ठेवतोय. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं घेतलंय, पण हीच रीत पुणे–दुबईलाही चालेल नि नागपूर–सिंगापूरलाही.

पायरी १ : शहराचं नाव सोडा, विमानतळाचा कोड बघा

तिकीट शोधण्याआधी तीन अक्षरी कोड वाचायची सवय लावा. मुंबईचं सहार, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ, अजून 'बीओएम'च आहे. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, कोडातलं बॉम्बे काही हललं नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याजवळचा नवी मुंबई विमानतळही चालू झालाय. त्याचा कोड 'एनएमआय'. पुण्याहून येणाऱ्याला तो आधी लागतो, म्हणून 'मुंबईचं तिकीट' एवढंच डोक्यात ठेवून गाडी सांगू नका. चुकीच्या विमानतळावर उतरलात तर मधे सायन-पनवेल रस्ता आणि वाशीचा पूल आहे, आणि ते दोघं कुणाच्या विमानासाठी थांबत नाहीत.

पलीकडेही तेच. न्यूयॉर्कसाठी भारतातून जाणारी विमानं 'जेएफके'ला किंवा 'ईडब्ल्यूआर'ला उतरतात. जेएफके न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात आहे, ईडब्ल्यूआर म्हणजे नेवार्क हा नदीपलीकडे न्यू जर्सी राज्यात. मुंबईहून दोन्हींच्या हवाई अंतरात जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरचा फरक. पण आपली बरीच मंडळी एडिसन आणि जर्सी सिटीच्या बाजूला राहतात. नेवार्कहून एडिसन साधारण अर्ध्या तासाच्या गाडीवर आहे. जेएफकेहून निघालात तर ब्रुकलिनच्या कडेनं वेराझानो पूल ओलांडून, स्टेटन आयलंड पार करून जावं लागतं. गर्दीच्या वेळी दीड-दोन तास सहज. तेव्हा तिकीट काढण्याआधी मुलाला किंवा मुलीला विचारा, "तुला कुठला विमानतळ सोपा?" तिकिटात पाच हजार वाचले आणि जावयाचा अर्धा दिवस गेला, तर तो हिशेब तोट्याचाच.

पायरी २ : अंतर मोजा, पण सपाट नकाशावर नको

सहार ते जेएफके हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. कुठल्या संकेतस्थळावर ७,७९० दिसलं तर ते आपले जमिनीवरचे मैल, आणि ६,७७० दिसलं तर ते सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि वैमानिकांचा सगळा कारभार त्यातच चालतो. तिन्ही आकडे एकाच अंतराचे. निम्मे गोंधळ इथेच मिटतात.

'सरळ' या शब्दात मात्र मेख आहे. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर असं करत जाते. त्या रेघेवरून विमान गेलं तर त्याला सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. म्हणजे जवळजवळ १,७०० किलोमीटरची उगाच पायपीट. नकाशा सपाट आहे, पृथ्वी नाही. सपाट नकाशात ध्रुवाकडचा भाग ताणून मोठा दाखवावा लागतो, म्हणूनच त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर पाच मिनिटं काढा. एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो आपणहून वर सरकतो. मुंबईहून पश्चिमेला जायच्या ऐवजी तो जवळजवळ उत्तरेला निघतो: कंदाहारच्या आसपास, मग अश्गाबात, पश्चिम कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्गच्या जरा खालून, नॉर्वेचं त्रॉनहाइम, पुढे फॅरो बेटांच्या वरून, आइसलंडचा दक्षिण भाग ओलांडून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला घासून कॅनडाच्या लाब्राडोरमध्ये आणि तिथून खाली न्यूयॉर्क. वाटेत तो दोरा जवळपास ६५ अक्षांशापर्यंत चढतो. गोलावरचा सगळ्यांत जवळचा मार्ग हाच. भूगोलाच्या पुस्तकात याला बृहद्‌वृत्त म्हणतात. मावशीला हा दोरा दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे स्वेटर हातातल्या पिशवीत घेते." विमानाच्या आत तशी थंडी असतेच, सल्ला चांगलाच होता.

गोल नसेल तर गूगल अर्थवर पट्टीचं चिन्ह असतं. दोन टोकांवर टिचकी मारा, अंतरही मिळतं आणि वाकडी रेघही दिसते. ती वाकडी दिसते, पण ती सरळच आहे.

पायरी ३ : अंतरावरून तास काढा

मोठी जेट विमानं उंचावर ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगानं जातात. बोइंग ७७७, ७८७, एअरबस ए३५० सगळी याच्याच आसपास. म्हणून ढोबळ रीत अशी: किलोमीटरला ९०० नं भागा आणि पाऊण तास मिळवा. तो पाऊण तास चढण्या-उतरण्यातला संथपणा, धावपट्टीपर्यंतचं सरपटणं, उतरल्यावर दारापर्यंत जाणं, या सगळ्याचा.

आधी घरच्या रस्त्यावर तपासून बघू. मुंबई–नागपूर हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर. भागिले ९०० म्हणजे पाऊण तास, अधिक पाऊण, दीड तास. वेळापत्रकातही साधारण तेवढंच असतं. मुंबई–दिल्ली सुमारे १,१४० किलोमीटर, रीतीप्रमाणे दोन तास. छापील वेळ दहा-वीस मिनिटं जास्त दिसते, कारण दोन्हीकडे रांगा.

आता मुंबई–न्यूयॉर्क. १२,५३० भागिले ९०० म्हणजे तेरा तास पंचावन्न मिनिटं, अधिक पाऊण तास. झाले चौदा तास चाळीस मिनिटं. पण तिकिटावर हा आकडा ना जाताना दिसतो, ना येताना. जाताना साडेपंधरा ते साडेसोळा तास दिसतात, येताना चौदा ते पंधराच्या मधले. रस्ता एकच, मग दीड-दोन तासांचा फरक कशाचा?

पायरी ४ : वाऱ्याचा हिशेब धरा

इथे हमखास कुणीतरी सांगतं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना जास्त वेळ लागतो. व्हॉट्सॲपवरही हे फिरत असतं. तसं नाही. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतच असतं. धावत्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही पुढच्या बाकाकडे चालत गेलात काय नि मागच्या बाकाकडे काय, पावलं तेवढीच पडतात.

खरं कारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याचं आहे. याला जेट स्ट्रीम म्हणतात. पट्टा अरुंद, नागमोडी, रोज जागा बदलणारा. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीमागून ढकलतो. संपूर्ण प्रवासाची सरासरी धरली आणि समोरून ताशी ७० किलोमीटरचा वारा मानला, तर जमिनीच्या हिशेबानं वेग उरतो ८३०. तास होतात पंधरा आणि वर पाऊण. येताना तोच वारा पन्नासनं मागून ढकलत असेल तर वेग ९५०, आणि एकूण तास चौदा. तिकिटावरचे आकडे इथून येतात.

तरी जाताना कधीकधी सोळाच्या वर का जातं? कारण दोऱ्याचा रस्ता आकाशात सगळ्यांना मोकळा नाही. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यानंतर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियावरून उडता येईना. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. आपला दोरा तर दोन्हींवरून जातो! मग विमान अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे निघतं आणि आखात, तुर्कस्तान, युरोप असं वळसा घालून अटलांटिकवर पोचतं. दिल्लीच्या विमानांना या बंदीचा फटका जास्त, कारण त्यांना आधी खाली यावं लागतं. मुंबईला समुद्र दारातच आहे. पश्चिम आशियात काही पेटलं की हाही रस्ता बदलतो. म्हणून शेजाऱ्यांच्या मुलाला पाच वर्षांपूर्वी किती तास लागले होते यावर विसंबू नका. ज्या आठवड्यात निघायचंय त्या आठवड्यातल्या विमानांना किती लागले ते बघा. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांच्या खऱ्या वेळा दिसतात. यासारखं भरवशाचं उत्तर दुसरं नाही.

एक बारीक गोष्ट. तिकिटावरचे तास दारापासून दारापर्यंतचे असतात, आणि वैमानिक माइकवर सांगतो ते फक्त हवेतले. तो "पंधरा तास वीस मिनिटं" म्हणाला आणि तिकिटावर सोळा असतील, तर लवकर पोचणार म्हणून जावयाला आधीच विमानतळावर बोलावू नका. न्यूयॉर्कच्या धावपट्ट्यांवर रांग असते.

पायरी ५ : तिकिटावरच्या वेळा वाचायला शिका

नियम एकच: तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची. सुटण्याची मुंबईची, पोचण्याची न्यूयॉर्कची. मधले तास काढायचे तर दोन्ही एका घड्याळात आणा.

मुंबई ग्रिनिचच्या पूर्वेला सुमारे ७३ रेखांशांवर आहे, न्यूयॉर्क पश्चिमेला ७४. मधे १४७ अंश. सूर्याला पंधरा अंशांना एक तास लागतो, म्हणजे दोन्हीकडच्या सूर्यात पावणेदहा तासांहून थोडा जास्त फरक. पण घड्याळं सूर्यावर चालत नाहीत, सरकारी प्रमाणवेळेवर चालतात. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्क हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार. त्यामुळे फरक हिवाळ्यात साडेदहा तासांचा, उन्हाळ्यात साडेनऊचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे येतात.

आपल्याला हा घड्याळ हलवण्याचा प्रकार विचित्र वाटतो, पण मुंबईनंही घड्याळावरून कमी हट्ट केलेला नाही. १ जानेवारी १९०६ ला भारताची एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईची स्वतःची वेळ, म्हणजे ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढची, १९५५ पर्यंत टिकून होती. शहराच्या घड्याळात दुपारचे बारा वाजायचे तेव्हा भारतीय प्रमाणवेळेनं बारा एकोणचाळीस झालेले असायचे.

तोंडी हिशेबासाठी जुनी दिडकी-अडीचकी कामाला येते. मुंबईची वेळ घ्या, सकाळची रात्र आणि रात्रीची सकाळ करा, मग उन्हाळ्यात अडीच तास मिळवा, हिवाळ्यात दीड. आपल्याकडे रात्रीचे आठ, तर तिकडे सकाळचे आठ अधिक अडीच, साडेदहा. डिसेंबरात तेच साडेनऊ. उलटं, तिकडून इकडे काढायचं तर फिरवा आणि तेवढंच वजा करा. पहाटेच्या वेळेला मात्र तारीख एक दिवस मागे जाते: आपले १५ तारखेचे पहाटेचे दोन म्हणजे डिसेंबरात तिकडे १४ तारखेचे दुपारचे साडेतीन. त्यात सोळा तास मिळवा, आले १५ तारखेचे सकाळचे साडेसात. मावशीचं तिकीट जुळलं.

आता सगळ्यांत महागडी चूक. अमेरिकेची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ डिसेंबर, ०२:००' असेल तर तुम्हाला विमानतळावर असायचंय १४ तारखेच्या रात्री. आमचे एक काका १५ तारखेला दुपारी पूजा-बिजा करून, पोळीभाजीचा डबा बांधून निघाले आणि रात्री दहाला सहारच्या दारावर शिपायानं त्यांना सांगितलं की तुमचं विमान आज पहाटेच गेलं. नवं तिकीट जुन्याच्या दीडपट पडलं. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर १५ वर नाही, १४ वर गोल करा आणि शेजारी लिहा: 'आज निघणे.'

पायरी ६ : थेट जायचं की थांबून?

आधी शब्दांची फोड. 'नॉनस्टॉप' म्हणजे मधे कुठंही न उतरता. 'डायरेक्ट' म्हणजे विमानाचा क्रमांक तोच, पण ते वाटेत उतरू शकतं. बोलताना आपण दोन्हीला डायरेक्टच म्हणतो, तिकीट काढताना मात्र 'स्टॉप्स' या रकान्यात शून्य आहे का ते बघा.

एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा मे १९६० मध्ये बोइंग ७०७ विमानांनी सुरू झाली, तेव्हा वाटेत लंडनला थांबावंच लागे. एअर इंडियाला न थांबता मुंबई–न्यूयॉर्क जायला १ ऑगस्ट २००७ उजाडला. म्हणजे थांबून जाणं ही जुनी रीतच आहे, आणि किलोमीटरच्या हिशेबात ती वाटते तेवढी लांबची नाही. मुंबई–लंडन सुमारे ७,२१०, लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५४०; बेरीज १२,७५०. थेट रस्त्यापेक्षा फक्त सव्वादोनशे किलोमीटर जास्त! दुबईवरून १,९३० आणि ११,०००, म्हणजे चारशे जास्त. विमानाला हा अर्ध्या तासाच्या आतला फरक. वेळ खातो तो थांबा. दोन तासांचा असेल तर एकूण एकोणीस-वीस तासांत पोचता, नऊ तासांचा असेल तर सव्वीस-सत्तावीस.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा एकट्यानं निघालेल्या साठीपुढच्या माणसानं नॉनस्टॉप घ्यावं, चार पैसे जास्त गेले तरी. गुडघे दुखणाऱ्या काही जणांना मात्र मधे पाय मोकळे करायला मिळाले तर बरं वाटतं, आणि थांब्याचं तिकीट बहुतेक वेळा स्वस्तही असतं. ते घेतलंत तर तीन गोष्टी पाळा. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर हवीत. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते, वेगवेगळी तिकिटं असतील तर कुणी करत नाही. थांबा किमान अडीच-तीन तासांचा हवा, कारण मोठ्या विमानतळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला, पुन्हा सुरक्षा तपासणीतून निघायला वेळ लागतो. आणि त्या देशातून नुसतं जाण्यासाठी भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारा. हे नियम बदलत राहतात.

अबू धाबीवरून जाणाऱ्यांसाठी एक सोय आहे. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच होते, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडता येतं. अशी सोय नसलेल्या ठिकाणाहून गेलात तर अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन. पुढे शिकागो-डॅलसला जायचं असलं तरी बॅगा तिथेच घ्यायच्या, कस्टममधून काढायच्या आणि पुन्हा द्यायच्या. या खेळाला दोन तास धरा.

पायरी ७ : घर ते घर मोजा

कुणी "किती तास?" विचारलं की लोक सोळा सांगतात. शरीराला विचाराल तर ते तीसच्या आसपास सांगेल. मावशीचाच हिशेब मांडतो. कोथरूडहून १४ तारखेला दुपारी चारला गाडी निघाली. पुणे ते सहार दीडशे किलोमीटर. द्रुतगती मार्ग मोकळा असेल तर साडेतीन तास, पण घाटात एक ट्रेलर आडवा झाला किंवा शुक्रवारची संध्याकाळ असली की पाचाचे सहा होतात. पावसाळ्यात मी अजून एक तास घालतो. मावशी साडेनऊला पोचली. सामान देणं, इमिग्रेशन, सुरक्षा, मग लांबलचक चालणं. अमेरिकेच्या विमानांसाठी दाराशी पुन्हा एक तपासणी होऊ शकते, म्हणून चार तास आधी पोचणं हे अती नाही. दोनला विमान हललं. न्यूयॉर्कच्या साडेसातला उतरली, इमिग्रेशन आणि बॅगा यांत दोन तास, मग दीड तास गाडी. एडिसनच्या घरात पाय ठेवला तेव्हा तिथे अकरा आणि पुण्यात रात्रीचे साडेनऊ. दुपारी चार ते दुसऱ्या दिवशीचे साडेनऊ: साडेएकोणतीस तास. त्यातले हवेतले जेमतेम अर्धे.

चालणं झेपत नसेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा. यात लाजायचं काही नाही, तिची रांगही वेगळी असते. शाकाहारी असाल तर जेवणाच्या यादीत 'हिंदू मील' बघून टिचकी मारू नका, त्यात चिकन किंवा मासे असू शकतात. 'एशियन व्हेजिटेरियन' किंवा 'जैन' निवडा. लोणचं-मसाले चेक-इनच्या बॅगेत, घट्ट बांधून. ताजी फळं, बिया, मांसाचे पदार्थ नकोत, आणि तिकडे फॉर्मवर किंवा तोंडी विचारलं तर खाण्याचं जे काही असेल ते सरळ सांगून टाका.

पायरी ८ : सोळा तास आणि त्यानंतरचे पाच दिवस

रात्री दोनला निघून पश्चिमेला गेलं की रात्र संपतच नाही. विमान अंधाराबरोबर पुढे पळत राहतं. हिवाळ्यात तर जवळजवळ उतरेपर्यंत बाहेर काळोख. जमेल तेवढं झोपा. पण दर दीड-दोन तासांनी उठून मधल्या वाटेवर चक्कर मारा, पाणी पीत राहा, बसल्या जागी पावलं वर-खाली करा. फार वेळ हलला नाहीत तर पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. आधी कधी तसं झालं असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका.

गोळ्यांचा प्रश्न प्रत्येक घरात येतो. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी 'सकाळी आठ'ला घेत असाल, तर कुठले सकाळचे आठ? इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हा प्रश्न निघण्याआधी डॉक्टरांपुढे तिकीट ठेवूनच विचारावा आणि उत्तर भारतीय वेळेत कागदावर लिहून घ्यावं. गोळ्या आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत, बॅगेत नाही. आमची मावशी मनगटावर पुण्याचं घड्याळ तसंच ठेवते आणि मोबाइलला न्यूयॉर्कची वेळ लावू देते. हिशेब डोक्यात करायची वेळच येत नाही.

तिकडे पोचल्यावर पहिले काही दिवस पहाटे तीनला टक्क जाग येते आणि संध्याकाळी सहाला डोळे मिटतात. शरीराला घड्याळाचा एकेक तास सरकवायला साधारण एकेक दिवस लागतो, तरी पाच-सहा दिवसांत रुळता. दिवसा उजेडात फिरा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा.

परत येताना त्रास जास्त, कारण पूर्वेला येताना दिवस आखूड होतो. सकाळी साडेअकराला न्यूयॉर्कहून निघालात आणि साडेचौदा तास लागले, तर मुंबईत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेबारा. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात '+१' छापलेलं असतं, ते याचसाठी. पुण्याच्या गाडीवाल्याला सांगताना त्या +१ कडे बघूनच तारीख सांगा. मावशीनं परतताना एडिसनहून फोन करून मला आधीच बजावलं, "मी सोळाला निघतेय, पण गाडी सतराला पाठव. आणि घाटात जेवायला थांबू असं त्याला सांग, विमानात काही पोटभर मिळत नाही."